डाव्या सोंडेचा रेणू

बाळंतशोपा आणि पुदिन्याच्या स्वादाची च्युइंगगम यांचा वास सारखा आहे असे कोणी म्हणणार नाही. बाळंतशोपा म्हणजे शेपूचे दाणे. त्यांचा वास उष्ण, किंचित कडवट, बाळंतिणीच्या खोलीची आठवण करून देणारा. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा वास त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा, ताजा आणि हिरवा. पण दोन्हींच्या तेलांतून हा वास देणारा मुख्य पदार्थ वेगळा काढून प्रयोगशाळेत दिला, तर दोन्ही बाटल्यांवर एकच नाव लिहावे लागते: कार्वोन. दहा कार्बन, चौदा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. अणू तेवढेच, त्यांची जोडणी तीच, घनता तीच, उकळण्याचे तापमानही तेच.

मग नाकाला फरक कळतो कुठून?

उजवी सोंड, डावी सोंड

उजव्या सोंडेचा आणि डाव्या सोंडेचा असे दोन गणपती शेजारी ठेवून पाहावेत. डोळे, कान, मोदक, उंदीर सगळे तसेच. तरी डाव्या सोंडेची मूर्ती कशीही फिरवली, आडवी केली, उलटी धरली, तरी तिची उजव्या सोंडेची मूर्ती होत नाही. तशी ती फक्त आरशात दिसते. कार्वोनचे दोन प्रकार एकमेकांशी असेच वागतात. ते एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. रेणूंच्या या गुणाला कायरॅलिटी म्हणतात. ग्रीक भाषेतल्या ‘हात’ या शब्दावरून ते नाव आले, म्हणून आपण त्याला ‘रेणूचा हात’ म्हणू.

नाकाच्या आतल्या अस्तरात वास ओळखणारी प्रथिने असतात आणि त्या प्रथिनांनाही हात असतो. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात सरकवून पाहिली की पाय लगेच तक्रार करतो. प्रथिनांचेही तसेच होते. एका हाताचा कार्वोन एका प्रथिनात नीट बसतो, दुसऱ्या हाताचा दुसऱ्यात. मेंदूपर्यंत दोन वेगळे निरोप जातात आणि आपण एकाला बाळंतशोपा म्हणतो, दुसऱ्याला पुदिना.

वासापुरतेच हे असते तर गंमत म्हणून सोडून देता आले असते. पण आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक यंत्रणा एका हाताची आहे. म्हणून औषधाच्या रेणूचा हात कोणता, यावर ते लागू पडेल की नुसते पोटातून जाईल, हे ठरू शकते. थॅलिडोमाइडची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस गरोदर स्त्रियांना दिलेल्या या औषधामुळे हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली. एका हाताचा रेणू गुणकारी आणि दुसरा घातक, असा तिचा सारांश काढतात. तो अर्धवट आहे. थॅलिडोमाइडचे दोन्ही हात शरीरात गेल्यावर एकमेकांत बदलतात, त्यामुळे एकच हात वेगळा काढून दिला असता तरी ती मुले वाचली नसती. पण त्या घटनेने रेणूचा हात हा विषय औषधशास्त्राच्या पुढ्यात आणून ठेवला, हे खरे.

साच्याविना मूर्ती

पुदिन्याचे रोप नेमक्या एका हाताचा कार्वोन बनवते, कारण ते काम करणारी त्याची एन्झाइमे स्वतः एका हाताची असतात. काचेच्या चंबूत माणसाने तोच पदार्थ बनवायला घेतला की सामान्यतः दोन्ही हात निम्मे-निम्मे निघतात. असे का, हे एकदा समजले की पुढचे सगळे सोपे होते.

तव्यावर टाकलेल्या भाकरीसारखा एक सपाट रेणू मनात आणावा. त्याला हायड्रोजनचे दोन अणू जोडायचे आहेत. हायड्रोजन वरच्या बाजूने येऊन चिकटला तर डाव्या हाताचा रेणू होतो, खालच्या बाजूने चिकटला तर उजव्या हाताचा. चंबूतल्या हायड्रोजनला वरची बाजू आणि खालची बाजू यांत काडीचा फरक दिसत नाही. लाखो रेणू वरून, लाखो खालून. नाणे उडवल्यासारखा हा प्रकार चालतो आणि शेवटी हिशेब पन्नास-पन्नासवर येतो.

आता पेणच्या मूर्तिकाराकडे जाऊ. त्याला डाव्या सोंडेच्या हजार मूर्ती हव्या असतील तर तो एक साचा करतो आणि त्याच साच्यातून मूर्ती काढत राहतो. मूर्ती निघाली तरी साचा तिथेच राहतो. सोंड कुठे वळणार हे साच्याने आधीच ठरवलेले असते. रसायनशास्त्रात हे काम उत्प्रेरक करू शकतो. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रिया सोपी आणि वेगवान करणारा, पण स्वतः खर्च न होणारा पदार्थ. खाद्यतेलापासून वनस्पती तूप करताना निकेल उत्प्रेरक असते. मात्र निकेलच्या साध्या कणाला हात नसतो. तो मूर्ती भराभर घडवतो, सोंडेकडे पाहत नाही.

हात असलेला उत्प्रेरक माणसाला घडवता येईल का? एन्झाइमच्या अवाढव्य प्रथिनाविना, शे-दीडशे अणूंच्या छोट्याशा रेणूतून? जपानच्या रियोजी नोयोरी यांनी उभी कारकीर्द या एका प्रश्नामागे घातली.

त्रेपन्न-सत्तेचाळीस

नोयोरींचा जन्म १९३८ चा, कोबे शहराजवळचा. वडील एका रसायन कंपनीत संशोधनाचे काम पाहत. मुलगा बारा वर्षांचा असताना ते त्याला नायलॉनविषयीच्या एका जाहीर कार्यक्रमाला घेऊन गेले. कोळसा, पाणी आणि हवा यांपासून हा धागा होतो, असे तिथे सांगितले गेले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या, अन्नवस्त्राची ददात असलेल्या देशातल्या मुलाला ते केवढे वाटले असेल! रसायनशास्त्र शिकायचे हे त्याने तिथेच पक्के केले. पुढे तो क्योतो विद्यापीठात गेला आणि १९६३ मध्ये हितोशी नोझाकी यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाला.

तिथे त्याच्यापुढे आलेला प्रश्न वेगळाच होता. कार्बनचे तीन अणू जोडून चिमुकले कडे बनवण्याच्या एका क्रियेत तांब्याचा उत्प्रेरक वापरतात. ऐन जोडणीच्या क्षणी तांबे तिथे हजर असते का, की ते आधीच सुरुवात करून देऊन बाजूला होते? डोळ्यांनी पाहायची सोय नव्हती. नोयोरींनी तांब्याला एका हाताचा सेंद्रिय रेणू बांधला. विचार असा होता की जोडणीच्या क्षणी तांबे हजर असेल, तर त्याच्यासोबत हा हातवाला रेणूही हजर असेल आणि तयार होणाऱ्या मालावर त्याची थोडीतरी छाप पडेल. तांबे बाजूला झाले असेल तर हिशेब पन्नास-पन्नासच येईल.

हिशेब आला शंभरात साधारण त्रेपन्न विरुद्ध सत्तेचाळीस, फार तर पंचावन्न विरुद्ध पंचेचाळीस.

तांबे हजर असते हे सिद्ध झाले आणि १९६६ मध्ये निबंध छापून आला. माल बनवण्याच्या दृष्टीने हा आकडा निरुपयोगी होता. पंचावन्न टक्के डाव्या सोंडेच्या मूर्ती देणारा साचा कोण विकत घेईल? पण त्या सहा-दहा मूर्तींच्या फरकात नोयोरींना तत्त्व दिसले. माणसाने घडवलेला, एका धातूच्या अणूभोवती बांधलेला लहानसा रेणू हात ठरवू शकतो. आज थोडाच, पण ठरवू शकतो. मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. नव्याण्णव टक्क्यांच्या यशाचे मोल कोणालाही कळते, त्रेपन्न टक्क्यांत ते ओळखायला वेगळी नजर लागते. पुढे नोझाकींच्याच परंपरेतल्या तादातोशी अरातानी यांनी सुमितोमो कंपनीत हाच तांब्याचा उत्प्रेरक सुधारत नेला. अतिदक्षता विभागात इमिपेनेम या प्रतिजैविकासोबत सिलास्टॅटिन नावाचे औषध देतात. त्याचा एक घटक त्या मार्गाने कारखान्यात बनू लागला.

फरक एवढा कमी का होता, तेही पाहू. घाट ओलांडायला दोन रस्ते आहेत आणि दोन्हींची उंची जवळपास सारखी आहे असे समजा. वाहने दोन्हींकडून निम्मी-निम्मी जातील. एक रस्ता थोडा सखल केला की वाहने तिकडे वळू लागतात. रेणूंच्या जगात हा घाट ऊर्जेचा असतो. नव्याण्णव रेणू एका बाजूने आणि एकच दुसऱ्या बाजूने जावा, यासाठी दोन वाटांत किती फरक हवा? पाण्याच्या दोन रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या दुबळ्या बंधाच्या साधारण निम्म्या ऊर्जेएवढा. म्हणजे फरक चिमूटभरच लागतो, पण तो नेमक्या जागी लागतो. साच्याची वळणे नेमकी कुठे हवीत हे शोधण्यात पुढची वर्षे गेली.

डांबरगोळ्यांचे दोन पंख

१९६८ मध्ये योशिमासा हिराता यांच्या निमंत्रणावरून नोयोरी नागोया विद्यापीठात आले. मधे वर्षभर हार्वर्डला ई. जे. कोरी यांच्याकडे काढले आणि १९७२ मध्ये, वयाच्या तिशीतच, नागोयाला पूर्ण प्राध्यापक झाले. १९७४ मध्ये हिदेमासा ताकाया या सहकाऱ्यासोबत त्यांनी एका नव्या रेणूचे काम हाती घेतले. त्याचे सुटसुटीत नाव बायनॅप.

कपाटात ठेवायची डांबरगोळी नॅफ्थलीनची असते. नॅफ्थलीनचा रेणू म्हणजे एक बाजू सामायिक असलेले दोन षटकोन, एखाद्या फरशीसारखे सपाट. अशा दोन फरश्या एका बंधाने जोडल्या की त्या बिजागरीसारख्या फिरायला हव्यात. पण बंधाच्या शेजारीच दोन्हींवर फॉस्फरसचा एकेक अणू आहे आणि त्याच्यावर आणखी षटकोनांचा बोजा आहे. जागा पुरत नाही. दोन फरश्या एका पातळीत येऊच शकत नाहीत. त्या एकमेकींना तिरक्या राहतात, पिळलेल्या दोराप्रमाणे. पीळ डावा असेल किंवा उजवा, आणि एकदा बसलेला पीळ सुटत नाही. बायनॅपचा हात तो हाच.

दोन फॉस्फरस अणू सांडशीच्या दोन टोकांसारखे धातूच्या अणूला पकडतात. पिळामुळे फॉस्फरसवरचे षटकोन असे कलतात की धातूसमोरच्या चार खिडक्यांपैकी कर्णरेषेवरच्या दोन बंद होतात आणि दोन उघड्या राहतात. सपाट रेणू धातूपाशी आला की त्याला कसाही टेकता येत नाही. अवजड बाजू उघड्या खिडकीकडे ठेवूनच त्याला बसावे लागते. म्हणजे त्याची एक ठरावीक बाजू धातूकडे होते आणि धातूवर वाट पाहणारा हायड्रोजन त्या बाजूनेच चिकटतो. भाकरीची वरची बाजू कोणती, हे आता ठरले.

कागदावर हे सुंदर दिसते. प्रत्यक्षात एका पिळाचा शुद्ध बायनॅप हाती येणे आणि त्याच्याकडून मनासारखे काम होणे यांत सहा वर्षे गेली. साचाच दोन्ही हातांचा मिसळलेला असेल तर मूर्ती एका हाताच्या कशा निघणार? १९८० मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. ऱ्होडियम धातूला बायनॅप बांधून केलेल्या हायड्रोजन जोडणीत अमिनो आम्लांची रूपे जवळजवळ शंभर टक्के एका हाताची निघत होती. हे यश चिकाटीने ओढून आणणारे ताकाया २००१ मध्ये नोयोरींना नोबेल जाहीर झाले तेव्हा हयात नव्हते. पुरस्कारावर नाव गटातल्या एकाचेच येते. बायनॅपचा उल्लेख करताना मला तरी ताकायांचे नाव वगळावेसे वाटत नाही.

चौकट: याच वाटेवरचे दुसरे

अमेरिकेत सेंट लुईस इथल्या मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स १९६८ पासून हातवाल्या फॉस्फरस रेणूंवर काम करत होते. त्यांची सुरुवातही तुटपुंज्या आकड्याने झाली. काही वर्षांतच त्यांनी कंपवातावरचे एल-डोपा हे औषध एका हाताच्या रूपात कारखान्यात बनवून दाखवले. बॅरी शार्पलेस यांनी हायड्रोजनऐवजी ऑक्सिजन जोडण्याच्या क्रियांत हात ठरवला. २००१ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना विभागून मिळाले. अर्धे नोल्स आणि नोयोरींना, अर्धे शार्पलेसना.

राळेपासून पुदिन्याच्या फुलापर्यंत

आमच्या आजीच्या फडताळात अमृतधारेची बाटली कायम असे. भीमसेनी कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल हे तीन घन पदार्थ ती एकत्र करी आणि बघता बघता त्यांचे पाणी होई. त्यातले पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल. पेपरमिंट चघळून पाणी प्यायले की ते बर्फासारखे लागते, ते मेंथॉलमुळेच. पाण्याचे तापमान बदललेले नसते. तोंडातल्या मज्जातंतूंच्या टोकांवर थंडी लागल्याचे कळवणारे एक प्रथिन असते. मेंथॉल त्याच्यात बसते आणि थंडी नसताना थंडीचा निरोप धाडते.

मेंथॉलच्या रेणूत हात ठरवणाऱ्या जागा तीन आहेत. प्रत्येक जागी दोन शक्यता, म्हणजे एकूण आठ भावंडे. आठांपैकी खरा गारवा देणारे एकच, पुदिन्यात असणारे. आज जगातले बरेचसे नैसर्गिक मेंथॉल आपल्याकडच्या मेंथा पिकातून येते. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला त्याची शेते आहेत. पण पिकाचे उत्पन्न पावसापाण्यावर आणि भाव बाजारावर. मेंथॉल लागते मात्र बारमाही: टूथपेस्टला, बामला, खोकल्याच्या गोळीला.

जपानच्या ताकासागो कंपनीने बायनॅप हाताशी घेऊन दुसरी वाट काढली. ओसाका विद्यापीठातले ओत्सुका आणि तानी, कंपनीतले अकुतागावा आणि नोयोरी-ताकाया अशी ती मंडळी. सुरुवात पाइनच्या राळेपासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनपासून होते, म्हणजे रंगाऱ्याच्या डब्यातल्या वासापासून. त्यापासून मायर्सीन करतात आणि त्याला नायट्रोजन असलेला एक तुकडा जोडतात. हा रेणू लांबट आणि लवचीक असतो, हात नसलेला. मग ऱ्होडियम-बायनॅपची पाळी येते. इथे बाहेरून हायड्रोजन आणायचा नसतो. रेणूतलाच एक हायड्रोजन एका कार्बनवरून उचलून दोन घरे पलीकडे ठेवायचा असतो, पण ठरलेल्याच बाजूने. हे झाले की तीनपैकी पहिल्या जागेचा हात पक्का होतो. पाण्याने नायट्रोजनचा तुकडा सोडवला की सिट्रोनेलाल हाती येते. डास पळवणाऱ्या सिट्रोनेला तेलात हा पदार्थ असतो, पण तिथे दोन हातांची थोडी भेसळ असते. कारखान्यातला माल निसर्गातल्या मालाहून शुद्ध निघाला.

उरलेल्या दोन जागांसाठी बायनॅप लागतच नाही, आणि मला या सगळ्यात तेच सर्वांत देखणे वाटते. झिंक ब्रोमाइडच्या साहाय्याने लांबट रेणू वळून स्वतःचीच शेपटी पकडतो आणि सहा कार्बनांचे कडे तयार होते. कडे बनताना त्याचे अवजड भाग एकमेकांपासून दूर, कड्याच्या बाहेरच्या अंगाला बसू पाहतात. गच्च भरलेल्या एसटीत एक माणूस नीट टेकला की शेजारचे दोघे त्याच्या कलाने बसतात, तसे पहिल्या जागेचा हात ठरलेला असल्याने बाकी दोन आपोआप त्याच्या मागे जातात. आठ भावंडांतले हवे तेच पुढे येते. शेवटी निकेलवर हायड्रोजन दिला की झाले पुदिन्याचे फूल.

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात हा कारखाना सुरू झाला आणि वर्षाला हजार टनांहून अधिक माल या मार्गाने निघू लागला. ऱ्होडियम बहुतेक वेळा सोन्याहूनही महाग असते. तरी हिशेब जमला, कारण उत्प्रेरकाचा एक रेणू हजारो रेणू घडवतो आणि नंतर पुन्हा वापरता येतो.

तांदळाच्या दाण्याचा दहावा भाग

मेंथॉलनंतर नोयोरी थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. पण ऱ्होडियमचा साचा निवडक रेणूंनाच चाले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ऱ्होडियमच्या जागी रुथेनियम बसवले आणि बायनॅपसाठी नवी दारे उघडली. लिव्होफ्लॉक्सॅसिन या आपल्याकडेही सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाचा एक घटक या उत्प्रेरकाने बनवला जाऊ लागला. त्याच्या आधीचे ऑफ्लॉक्सॅसिन म्हणजे दोन्ही हातांचे मिश्रण. जंतूंवर मुख्यतः त्यातला एकच हात काम करतो, तो वेगळा केला तेच लिव्होफ्लॉक्सॅसिन.

१९९५ च्या सुमारास आणखी एक पाऊल पडले. कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो अशा कीटोन नावाच्या रेणूंना हायड्रोजन द्यायचा होता. नोयोरींच्या गटाने रुथेनियमला बायनॅपसोबत नायट्रोजन असलेला दुसरा हातवाला रेणूही बांधला. तोवर समजूत अशी होती की काम धातू करतो आणि त्याला बांधलेले रेणू फक्त जागा अडवतात. इथे निराळेच दिसले. रुथेनियम एक हायड्रोजन कार्बनला देतो आणि त्याच वेळी शेजारचा नायट्रोजन दुसरा हायड्रोजन ऑक्सिजनला देतो. ओझे डोक्यावर चढवताना दोन माणसांनी दोन बाजूंनी एकदम हात द्यावा, तसे. कीटोनला धातूला चिकटावेही लागत नाही. तो जवळ येतो, दोन्ही हायड्रोजन घेतो आणि निघून जातो.

याचा वेग किती? एका प्रयोगात ६०१ ग्रॅम कीटोनला हायड्रोजन देण्यासाठी २.२ मिलिग्रॅम उत्प्रेरक पुरला. अर्ध्या किलोहून जास्त मालाला तांदळाच्या दाण्याच्या दहाव्या भागाइतका. दोन दिवसांत उत्प्रेरकाच्या प्रत्येक रेणूने सुमारे चोवीस लाख रेणू घडवले. त्या खेपेला हातांचे प्रमाण नव्वद-दहा होते. बायनॅपवरचे षटकोन थोडे बदलल्यावर ते नव्याण्णवच्या घरात गेले.

पुन्हा नायलॉन

नायलॉन बनवायला अॅडिपिक आम्ल लागते. कारखान्यांत ते तयार करताना नायट्रिक आम्ल वापरतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड वायू सुटतो. पृथ्वीला तापवण्यात हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट भारी आहे आणि ओझोनच्या थरालाही तो झिजवतो. १९९८ मध्ये नोयोरींनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. सायक्लोहेक्झीन हा द्रव, ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि टंगस्टनचा थोडासा उत्प्रेरक एकत्र ढवळले की अॅडिपिक आम्लाचे पांढरे स्फटिक मिळतात. यात हात ठरवण्याचा प्रश्न नव्हता, कारण अॅडिपिक आम्लाला हातच नसतो. नायट्रिक आम्लाची गरज नाही, वेगळा द्रावकही लागत नाही.

एका रेणूमागे हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार रेणू खर्ची पडतात आणि त्याची किंमत आड येते, म्हणून मोठ्या कारखान्यांनी अजून जुना मार्ग सोडलेला नाही. पण बाराव्या वर्षी ज्या मुलाने कोळसा, पाणी आणि हवा यांपासून धागा होतो हे ऐकले होते, त्याने साठीच्या उंबरठ्यावर त्याच धाग्याच्या कच्च्या मालासाठी असा चंबू मांडून दाखवला, ज्यात काम झाल्यावर स्फटिकांखेरीज मागे उरते ते पाणी.